कल्चर-सेन्सिटिव्हिटी लावताना: नमुन्यापासून रिपोर्टपर्यंत

जेंटामायसिनचा झोन २८ मिलिमीटर आला होता. कल्चर-सेन्सिटिव्हिटी म्हणजे नमुन्यातला जिवाणू वाढवून त्याच्यावर कोणतं प्रतिजैविक चालतं ते बघणं: जिवाणू पसरलेल्या अगारच्या (जेलीसारख्या माध्यमाच्या) प्लेटवर औषध भरलेल्या कागदाच्या चकत्या, म्हणजे डिस्क, ठेवायच्या; डिस्कभोवती वाढ न झालेलं वर्तुळ म्हणजे झोन. प्लेटवर रुग्णाचा जिवाणू नव्हता, आमचा रोजचा कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला जिवाणू, होता: ई. कोलाय, एटीसीसी २५९२२ (एटीसीसी म्हणजे प्रमाणित जिवाणूंच्या अमेरिकी संग्रहातला क्रमांक). जेंटामायसिनभोवती त्याचा झोन १९ ते २६ मध्ये बसायला हवा. आदल्या दिवशी २७ आला होता, तेव्हा 'एका मिलिमीटरनं काय होतंय' म्हणून सोडून दिला. आता डिस्कवर संशय घेतला, नवी कुपी उघडली, तरी पुन्हा २८. मग कोणीतरी शहाण्यानं त्याच प्लेटवरच्या बाकीच्या डिस्ककडे बोट दाखवलं. सगळ्याच औषधांचे झोन वरच्या मर्यादेला टेकलेले, काही तर ओलांडून गेलेले. एक डिस्क खराब असेल तर एकच झोन बिघडतो. सगळे मिळून एकाच बाजूला सरकले तर खोट प्लेटमध्ये असते, नाहीतर जिवाणूच्या मात्रेत. अगारची पट्टी कापून मोजपट्टीला लावली, तर जाडी तीन मिलिमीटरलाही पोचत नव्हती. माध्यम ओतणारा माणूस बदलला होता आणि नवा माणूस नजरेच्या अंदाजानं ओतत होता.

त्या दोन दिवसांच्या सगळ्या प्लेट्स पुन्हा लावल्या. दोन वॉर्डांना फोन करून 'कालचा रिपोर्ट धरू नका' असं सांगावं लागलं. असा फोन एकदा केला की माणूस आयुष्यभर अगारची जाडी मोजतो.

हे आधी सांगण्याचं कारण असं की या तपासणीत झोन मोजणं हे सगळ्यात सोपं काम आहे. पण १८ मिलिमीटर या आकड्याला स्वतःचा काहीच अर्थ नसतो. बाउअर, किर्बी, शेरिस आणि टर्क यांनी १९६६ साली डिस्कची पद्धत प्रमाणित केली, ती एवढ्याचसाठी की माध्यम, मात्रा, तापमान आणि वेळ सगळीकडे सारखी राहावी आणि एका प्रयोगशाळेचा १८ दुसरीच्या १८ शी जुळावा. आज आपण सीएलएसआय (अमेरिकी) किंवा युकास्ट (युरोपीय) या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात बोट ठेवून 'सेन्सिटिव्ह' (औषध चालतं) लिहितो, तेव्हा खरं म्हणजे 'माझी प्लेट त्या तक्त्यामागच्या प्लेटसारखीच होती' अशी ग्वाही देत असतो. पुढचं सगळं ती ग्वाही खरी ठरावी म्हणून.

एक गोष्ट इथेच ठरवून टाका: तक्ता कोणता. अर्धा सीएलएसआय, अर्धा युकास्ट असा संसार चालत नाही. डिस्कमधली औषधाची मात्राच वेगळी असते. सेफोटॅक्झिमची डिस्क सीएलएसआयसाठी ३० मायक्रोग्रॅमची, युकास्टसाठी ५ ची; सेफ्टाझिडिम एकीकडे ३०, दुसरीकडे १०. एकाची डिस्क आणि दुसऱ्याचा तक्ता वापरला तर येणारं उत्तर दिसायला व्यवस्थित असतं, म्हणून जास्त घातक असतं. आणि तक्ता चालू वर्षाचा हवा. आतड्यातल्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंसाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिनची सीएलएसआयची मर्यादा २०१९ मध्ये बदलली. २३ मिलिमीटरचा झोन जुन्या तक्त्यात 'सेन्सिटिव्ह' होता, नव्यात तो 'इंटरमिजिएट' (मधला) आहे. भिंतीवर चिकटवलेला लॅमिनेटेड तक्ता दिसला की मी आधी त्यावरचं साल बघतो.

नमुना: चुकीच्या जिवाणूची अचूक सेन्सिटिव्हिटी

नमुना कसा आला हे न बघता सेन्सिटिव्हिटी लावली तर आपण तोंडातल्या किंवा कातडीवरच्या निरुपद्रवी जिवाणूची कुंडली मांडत बसतो, आणि वॉर्डात त्यावरून औषध सुरू होतं.

थुंकीचा नमुना आला की आधी ग्रॅम स्टेन, म्हणजे जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं (जांभळे ते ग्रॅम-पॉझिटिव्ह, गुलाबी ते ग्रॅम-निगेटिव्ह). कमी शक्तीच्या लेन्सखाली एका क्षेत्रात तोंडातल्या सपाट पेशी दहापेक्षा जास्त आणि पू-पेशी कमी दिसल्या तर ती लाळ आहे. नमुना परत मागवा. लघवी दोन तासांत प्लेटवर जायला हवी, नाहीतर फ्रीजमध्ये. एक मायक्रोलिटरच्या लूपनं (तारेच्या कड्यानं) लावली असेल तर एक वसाहत (जिवाणूंचा वाढलेला ठिपका) म्हणजे मिलिलिटरला हजार जिवाणू, शंभर वसाहती म्हणजे एक लाख. तीन-चार प्रकारच्या वसाहती सारख्याच प्रमाणात दिसल्या तर बहुतेक वेळा तो नमुना घेतानाचा दोष असतो. तिन्हींची सेन्सिटिव्हिटी लावण्याचा उत्साह आवरा.

ब्लड कल्चर प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी घ्यायचं, मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त, आणि किमान दोन वेगवेगळ्या जागांहून. दोनांपैकी एकाच जागेच्या सेटमध्ये कातडीवर राहणारा कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ आला तर तो कातडीवरून आलेला असण्याची शक्यता जास्त. जखमेच्या स्वॅबबद्दल एवढंच सांगेन: वरचा पू पुसून खालच्या जिवंत ऊतीतून घेतलेला नमुना हवा, शक्य असेल तर ऊतीचा तुकडाच.

आधी नाव, मग औषध

जिवाणूची ओळख पटल्याशिवाय झोनचा अर्थ लावता येत नाही, कारण तक्ता जिवाणूनुसार बदलतो. शिवाय काही जिवाणू काही औषधांना जन्मतःच दाद देत नाहीत. क्लेब्सिएला अँपिसिलिनला, प्रोटियस कोलिस्टिन आणि नायट्रोफ्युरँटॉइनला, एन्टरोकॉकस सगळ्या नेहमीच्या सेफॅलोस्पोरिन्सना, स्टेनोट्रोफोमोनास कार्बापेनेमना (मेरोपेनेम, इमिपेनेमसारख्या औषधांना). ही यादी पाठ असेल तर ती फुकटातला पहारेकरी ठरते. क्लेब्सिएला अँपिसिलिनला सेन्सिटिव्ह दिसला, तर एक तर तो क्लेब्सिएला नाही, नाहीतर प्लेट बिघडलेली आहे.

सेन्सिटिव्हिटीसाठी वसाहती ताज्या, म्हणजे १८ ते २४ तासांच्या घ्याव्यात, आणि शुद्ध प्लेटवरून. मॅकॉन्की किंवा रक्ताच्या प्लेटवर सुटी दिसणारी वसाहतही खाली दुसऱ्याच जिवाणूवर बसलेली असू शकते. म्हणून ज्या द्रावणातून लॉन (प्लेटभर जिवाणूंचा सलग थर) केलं त्याच द्रावणाचा एक लूप साध्या प्लेटवर ओढून ठेवायचा. ही प्युरिटी प्लेट दोन मिनिटांचं काम आहे आणि घाईत सगळ्यात आधी तीच गळते. सेफ्ट्रायॅक्सोनच्या झोनमध्ये बारीक बारीक वसाहती दिसल्यावर आम्ही एकदा रेझिस्टंट (औषधाला दाद न देणारा) उपप्रकार सापडला म्हणून खूश झालो होतो. प्युरिटी प्लेटवर दुसऱ्या दिवशी एन्टरोकॉकस निवांत बसलेला.

एक इशारा. रक्तातून आलेला, हळू वाढणारा, अगदी बारीक ग्रॅम-निगेटिव्ह कोकोबॅसिलस (आखूड दांडीसारखा जिवाणू) दिसला तर उघड्या टेबलावर त्याचं द्रावण करू नका. तो ब्रुसेला (हवेतून लागण करू शकणारा जिवाणू) असू शकतो. सेफ्टी कॅबिनेटमध्ये जा, वरिष्ठांना सांगा.

प्लेट आणि डिस्क

माध्यम म्युलर-हिंटन अगार. थंड झाल्यावर पीएच ७.२ ते ७.४, जाडी ४ मिलिमीटर. त्यासाठी ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये साधारण २५ मिलिलिटर आणि १५० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये साधारण ७१ मिलिलिटर माध्यम लागतं. ओतताना टेबल समपातळीत आहे का ते पाण्याच्या लेव्हलनं तपासा. टेबल कललेलं असेल तर एकाच प्लेटवर एका कडेचे झोन मोठे आणि दुसऱ्या कडेचे लहान येतात, आणि कारण शोधता शोधता आठवडा जातो.

माध्यमातल्या घटकांचाही खेळ असतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त झालं की स्युडोमोनासचे अमायनोग्लायकोसाइडचे (जेंटामायसिनच्या घराण्यातल्या औषधांचे) झोन आकसतात. थायमिडिन जास्त असेल तर को-ट्रायमोक्झाझोलच्या झोनमध्ये धूसर वाढ दिसते. हे तपासायला एन्टरोकॉकस फिकॅलिस एटीसीसी २९२१२ वापरतात, आणि त्याचा झोन स्वच्छ आणि किमान २० मिलिमीटरचा यायला हवा. नवा लॉट आला की आधी कंट्रोल, मग रुग्ण.

डिस्कचा साठा उणे २० अंशांवर, रोजच्या वापराची कुपी २ ते ८ अंशांवर, सिलिका जेलसकट. फ्रीजमधून काढलेली कुपी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. थंड कुपी लगेच उघडली की हवेतली वाफ डिस्कवर बसते आणि इमिपेनेम, क्लॅव्ह्युलॅनेट यांसारखी नाजूक औषधं ओलाव्यानं मरतात. सकाळी आल्या आल्या कुप्या बाहेर काढून ठेवायच्या आणि मग बाकीची कामं करायची.

जिवाणूंची मात्रा: सगळ्यात जास्त चुका इथेच

चार-पाच सारख्या दिसणाऱ्या वसाहतींना लूप टेकवून त्या सलाइनमध्ये मिसळायच्या आणि गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड या ठरलेल्या गढूळपणाच्या नळीशी जुळवायचा. म्हणजे मिलिलिटरला साधारण दहा ते वीस कोटी जिवाणू, १ ते २ गुणिले १० चा आठवा घात. मॅकफार्लंडची नळी घरी करायची तर ०.०४८ मोलर बेरियम क्लोराइड ०.५ मिलिलिटर आणि ०.१८ मोलर सल्फ्युरिक अ‍ॅसिड ९९.५ मिलिलिटर. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६२५ नॅनोमीटरला वाचन ०.०८ ते ०.१३ यायला हवं. नळी घट्ट बंद करून अंधारात ठेवा, वापरण्याआधी व्हॉर्टेक्स यंत्रावर घुसळा, गुठळ्या दिसल्या तर फेकून द्या.

डोळ्यानं जुळवायचं असेल तर पांढऱ्या कार्डावर काळ्या रेघा ओढून दोन्ही नळ्या त्यापुढे शेजारी शेजारी धरा आणि रेघा किती धूसर दिसतात ते बघा. डेन्सिटोमीटर (गढूळपणा मोजणारं यंत्र) असेल तर उत्तमच, पण त्याचंही कॅलिब्रेशन करावं लागतं हे विसरू नका. मात्रा दाट झाली की झोन लहान होतात आणि सेन्सिटिव्ह जिवाणू रेझिस्टंट भासतो. पातळ झाली की उलट, आणि ही चूक जास्त धोक्याची.

इथून पुढे घड्याळ चालू. युकास्टवाले याला १५-१५-१५ चा नियम म्हणतात: द्रावण केल्यापासून १५ मिनिटांत लॉन, लॉन केल्यापासून १५ मिनिटांत डिस्क, डिस्क ठेवल्यापासून १५ मिनिटांत इन्क्युबेटर. एकदम वीस नळ्या जुळवून ठेवल्या की शेवटची नळी वाट बघत वाढत राहते. पाच-पाचच्या तुकड्या करा.

लॉन आणि डिस्क

निर्जंतुक कापसाचा स्वॅब द्रावणात बुडवा. ग्रॅम-निगेटिव्ह असेल तर नळीच्या आतल्या भिंतीवर दाबून फिरवून जास्तीचं द्रावण काढा. हे न केल्यास लॉन दाट होतं. ग्रॅम-पॉझिटिव्हला फार पिळू नका, नाहीतर रेघांमध्ये मोकळ्या पट्ट्या राहतात. संपूर्ण पृष्ठभागावर अगदी जवळजवळ रेघा ओढा, प्लेट ६० अंशांनी फिरवा, पुन्हा ओढा, पुन्हा फिरवा, तिसऱ्यांदा ओढा. शेवटी कडेनं एक फेरी. प्लेटवर पाण्याचे थेंब दिसत असतील तर ती आधी वाळवायला हवी होती.

डिस्क डिस्पेन्सरनं किंवा चिमट्यानं ठेवा आणि हलकेच दाबून पूर्ण टेकवा. एकदा अगारला टेकलेली डिस्क हलवायची नाही, कारण औषध त्याच क्षणी पसरायला लागतं. वाकडी पडली तर वाकडी राहू दे. फारच चुकली तर दुसऱ्या जागी नवी ठेवा. एका डिस्कच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत किमान २४ मिलिमीटर अंतर हवं. १५० मिलिमीटरच्या प्लेटवर जास्तीत जास्त १२, १०० मिलिमीटरच्या प्लेटवर ५. प्लेट वाचवायला सातवी-आठवी डिस्क दाटीवाटीनं बसवली की झोन एकमेकांत घुसतात आणि मोजायला काहीच उरत नाही.

प्लेट्स उलट्या करून इन्क्युबेटरमध्ये, एकावर एक पाचपेक्षा जास्त नको. तापमान ३५ अंश, वेळ १६ ते १८ तास, साधी हवा. कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवल्यास माध्यमाचा पीएच घसरतो आणि अमायनोग्लायकोसाइड, मॅक्रोलाइड (एरिथ्रोमायसिनसारखी औषधं) यांचे झोन लहान होतात. अपवाद न्यूमोकॉकससारख्यांचा, त्यांना रक्त घातलेलं म्युलर-हिंटन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि २० ते २४ तास लागतात. स्टॅफसाठी ३५ च्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर मेथिसिलिन-रेझिस्टन्स लपतो. 'इन्क्युबेटर ३७ वर आहे, काय फरक पडतो' या प्रश्नाचं हे उत्तर.

वाचन

मोजपट्टी हातात घेण्याआधी लॉन बघा. सगळीकडे सलग, एकसारखी वाढ हवी. सुट्या वसाहती मोजता येत असतील तर मात्रा कमी होती, प्लेट रद्द. झोन गोल नसतील तर लॉन नीट झालेलं नाही.

साध्या अगारची प्लेट काळ्या पृष्ठभागावर उलटी धरून, परावर्तित उजेडात, मागच्या बाजूनं मोजा. रक्ताच्या प्लेटचं झाकण काढून वरून. झोनचा व्यास डिस्कच्या ६ मिलिमीटरसकट मोजायचा. झोनच नसेल तर ६ लिहा, शून्य नाही. कड म्हणजे नुसत्या डोळ्यांना वाढ जिथे संपलेली दिसते ती जागा, भिंगातून दिसणारी धूसर झालर नव्हे. प्रोटियस झोनमध्ये पातळ पडद्यासारखा पसरतो, तो पडदा सोडून द्यायचा. को-ट्रायमोक्झाझोलला कडेची फिकट वाढ सोडून ठळक कड धरायची. पण स्वच्छ झोनमध्ये ठसठशीत वसाहती असतील तर त्या सोडायच्या नाहीत: प्युरिटी प्लेट बघा, ती वसाहत उचला, पुन्हा ओळखा, पुन्हा लावा. एन्टरोकॉकस आणि व्हॅन्कोमायसिनची जोडी मात्र पूर्ण २४ तासांनी आणि उजेडासमोर प्लेट आरपार धरून वाचायची. झोनमधली अगदी धूसर वाढही तिथे महत्त्वाची.

जिथे साधी डिस्क फसवते

मला स्वतःला या कामातला सगळ्यात रसाळ भाग हाच वाटतो, कारण इथे प्लेट नुसता आकडा देत नाही, जिवाणूची युक्ती दाखवते.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा मेथिसिलिन-रेझिस्टन्स आता सेफॉक्सिटिनच्या ३० मायक्रोग्रॅमच्या डिस्कनं बघतात, कारण ती मेक-ए जनुकाला चांगलं जागं करते. झोन २१ किंवा कमी आला की एमआरएसए (मेथिसिलिनला रेझिस्टंट स्टॅफ ऑरियस), २२ किंवा जास्त आला की नाही. सेफॉक्सिटिन स्वतः रिपोर्टवर जात नाही, ती फक्त साक्षीदार. एमआरएसए ठरला की नवी अँटि-एमआरएसए सेफॅलोस्पोरिन्स सोडून सगळी बीटा-लॅक्टॅम औषधं (पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम) रेझिस्टंट लिहायची, मग त्यांचे झोन कितीही मोठे असोत. आणि स्टॅफसाठी व्हॅन्कोमायसिनची डिस्क वापरू नका. कमी संवेदनशील जिवाणू ती पकडू शकत नाही. एमआयसीच (वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा) काढावी लागते.

डी-टेस्टला वेगळी प्लेट लागत नाही, फक्त डिस्क ठेवताना डोकं वापरावं लागतं. एरिथ्रोमायसिन १५ मायक्रोग्रॅम आणि क्लिंडामायसिन २ मायक्रोग्रॅम शेजारी ठेवा, कडेपासून कडेपर्यंत १५ ते २६ मिलिमीटर अंतरावर. एरिथ्रोमायसिनकडची क्लिंडामायसिनच्या झोनची बाजू चपटी झाली आणि इंग्रजी 'डी' अक्षर दिसलं, की जिवाणू एरिथ्रोमायसिनच्या चाहुलीनं आपलं कवच चढवतो. झोन मोठा असला तरी क्लिंडामायसिन रेझिस्टंट लिहा.

ईएसबीएलसाठी (सेफॅलोस्पोरिन्स फोडणारं जिवाणूचं एन्झाइम; क्लॅव्ह्युलॅनेट ते अडवतं) सेफोटॅक्झिम आणि सेफ्टाझिडिम, दोन्ही एकदा एकटी आणि एकदा क्लॅव्ह्युलॅनेटसकट. क्लॅव्ह्युलॅनेटमुळे दोन्हींपैकी एकाचा जरी झोन ५ मिलिमीटर किंवा जास्त वाढला तर ईएसबीएल. कंट्रोल म्हणून क्लेब्सिएला न्यूमोनिए एटीसीसी ७००६०३.

कार्बापेनेमेज (कार्बापेनेम फोडणारं एन्झाइम) ओळखायची एमसीआयएम ही पद्धत तर शाळेतल्या प्रयोगाइतकी स्वस्त आहे. ट्रिप्टिक सोय ब्रॉथच्या (द्रव माध्यमाच्या) २ मिलिलिटरमध्ये संशयित जिवाणूचा एक मायक्रोलिटरचा भरलेला लूप मिसळा. स्युडोमोनास असेल तर दहा मायक्रोलिटरचा. त्यात मेरोपेनेमची १० मायक्रोग्रॅमची डिस्क बुडवा आणि ३५ अंशांवर चार तास ठेवा. मग ई. कोलाय २५९२२ चं ताजं लॉन करा, डिस्क लूपनं बाहेर काढा, नळीच्या कडेला टेकवून जास्तीचं पाणी निथळवा आणि लॉनवर ठेवा. दुसऱ्या दिवशी बघा. संशयित जिवाणूनं डिस्कमधलं मेरोपेनेम खाऊन टाकलं असेल तर बिचारा ई. कोलाय डिस्कपर्यंत वाढतो. झोन ६ ते १५ म्हणजे पॉझिटिव्ह, १९ किंवा जास्त म्हणजे निगेटिव्ह. १६ ते १८ च्या झोनमध्ये टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती दिसल्या तर तोही पॉझिटिव्ह, नाहीतर अनिर्णित. आतड्यातल्या जिवाणूंसाठी सोबत ईडीटीए (धातू बांधून ठेवणारं रसायन) घातलेली दुसरी नळी ठेवली आणि तिचा झोन ५ मिलिमीटर किंवा जास्त वाढला, तर एन्झाइम धातूवर चालणारं आहे, एनडीएमच्या घराण्यातलं. ही माहिती वॉर्डाला हवीच असते, कारण सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टॅम एनडीएमपुढे चालत नाही.

कोलिस्टिन. याची डिस्क वापरू नका, ग्रेडियंट स्ट्रिपही (औषधाची चढती मात्रा असलेली पट्टी) नको. रेणू मोठा असल्यामुळे तो अगारमध्ये नीट पसरत नाही, आणि रेझिस्टंट जिवाणू सेन्सिटिव्ह दिसतो. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (९६ खाचांची पद्धत, पुढे येते) किंवा सीएलएसआयनं मान्य केलेली ब्रॉथ डिस्क इल्यूशन (डिस्कमधलं औषध ब्रॉथमध्ये उतरवून) असे मार्ग वापरा. २०२० पासून सीएलएसआयच्या तक्त्यात कोलिस्टिनला 'सेन्सिटिव्ह' हा रकानाच नाही: एमआयसी मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅमपर्यंत इंटरमिजिएट, ४ पासून रेझिस्टंट. तरीही 'कोलिस्टिन एस' लिहिलेले रिपोर्ट फिरताना दिसतात.

एमआयसी काढायची वेळ येते तेव्हा

वाढ रोखणारी किमान मात्रा म्हणजे एमआयसी. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये औषध दुपटीच्या पायऱ्यांनी असतं: मिलिलिटरला ०.२५, ०.५, १, २, ४ मायक्रोग्रॅम. प्रत्येक खाचेत शेवटी मिलिलिटरला पाच लाख जिवाणू हवेत. एक खाच औषधाविना वाढीची, एक जिवाणूविना स्वच्छ ब्रॉथची. मात्रा बरोबर होती का हे तपासण्याची जुनी, खात्रीची पद्धत: प्लेट भरल्याबरोबर वाढीच्या खाचेतून १० मायक्रोलिटर घेऊन १० मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळा आणि त्यातले १०० मायक्रोलिटर अगारवर पसरा. दुसऱ्या दिवशी ५० च्या आसपास वसाहती आल्या तर काम चोख.

स्वयंचलित यंत्रं हेच काम कार्डवर, लवकर करतात. यंत्रावर राग नाही, पण त्याला शुद्ध वसाहत आणि बरोबर गढूळपणा आपणच द्यायचा असतो. यंत्रानं कार्बापेनेम किंवा कोलिस्टिनबद्दल विचित्र उत्तर दिलं तर हातानं पडताळा.

वॉर्डातून येणारा एक नेहमीचा प्रश्न: 'सिप्रोफ्लॉक्सॅसिनची एमआयसी ०.५ आहे आणि नायट्रोफ्युरँटॉइनची १६, मग सिप्रोच बरं ना?' नाही. लघवीतल्या ई. कोलायसाठी सीएलएसआयच्या तक्त्यात पहिलं इंटरमिजिएट आहे, दुसरं सेन्सिटिव्ह. प्रत्येक औषधाची मर्यादा त्याची स्वतःची असते. दोन औषधांच्या एमआयसी एकमेकांशी ताडून पाहायच्या नसतात.

ब्लड कल्चरची घाई

बाटलीत वाढ झाल्याचा सिग्नल आला की ग्रॅम स्टेन करून लगेच फोन करा. तो फोन हाच पहिला रिपोर्ट. युकास्टच्या झटपट पद्धतीत बाटलीतलं साधारण १२५ मायक्रोलिटर रक्त थेट म्युलर-हिंटनवर पसरून ४, ६ आणि ८ तासांनी झोन वाचतात. त्या वेळांचे तक्ते वेगळे आहेत, रात्रभराचा तक्ता तिथे लावायचा नाही. बाटलीत दोन जिवाणू असतील तर ही पद्धत बाजूला ठेवा.

कंट्रोल

ई. कोलाय २५९२२, स्युडोमोनास २७८५३, स्टॅफ ऑरियस डिस्कसाठी २५९२३ आणि एमआयसीसाठी २९२१३. क्लॅव्ह्युलॅनेटसारख्या जोड-औषधांसाठी ई. कोलाय ३५२१८. सुरुवातीला रोज लावा. सलग २० दिवसांत एकापेक्षा जास्त किंवा ३० दिवसांत तीनपेक्षा जास्त वाचनं मर्यादेबाहेर गेली नाहीत, तर त्या औषधासाठी आठवड्यातून एकदा चालतं. आकडे वहीत नुसते भरू नका, आलेखावर मांडा. आमचं २७ आलेखावर असतं तर पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरलं असतं.

कंट्रोल जिवाणू रोज एका प्लेटवरून दुसरीवर असा महिनोन्‌महिने ओढत राहिलात तर तो बदलतो. दर महिन्याला गोठवलेल्या साठ्यातून नवा काढा.

रिपोर्ट

रिपोर्ट म्हणजे मोजलेल्या सगळ्या झोनची यादी नव्हे. लघवीचंच औषध असलेलं नायट्रोफ्युरँटॉइन रक्ताच्या रिपोर्टवर नको. डॅप्टोमायसिन फुप्फुसातल्या सर्फॅक्टंटमुळे निष्प्रभ होतं, म्हणून थुंकीवर नको. मेंदूच्या पाण्याच्या नमुन्यावर तोंडानं घ्यायची औषधं आणि पहिल्या-दुसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स नकोत. साल्मोनेलाला अमायनोग्लायकोसाइडचा झोन छान येतो, पण रुग्णाच्या शरीरात ते औषध चालत नाही, लिहूच नका. साधं औषध चालत असेल तर जड औषध रिपोर्टवर न दाखवण्याची रीतही ठेवा. मेरोपेनेमपुढे 'एस' छापलं की तेच लिहून जायचा मोह होतो.

'आय' (इंटरमिजिएट) या अक्षराची टीप रिपोर्टवर हवी. युकास्टनं २०१९ पासून त्याचा अर्थ 'जास्त डोस दिल्यास सेन्सिटिव्ह' असा केला आहे. डॉक्टरनं ते 'जवळपास रेझिस्टंट' असं वाचलं तर चालणारं औषध विनाकारण बाजूला पडतं.

सही करण्याआधी विसंगती शोधा. मेरोपेनेमला रेझिस्टंट पण अर्टापेनेमला सेन्सिटिव्ह असा क्लेब्सिएला, किंवा व्हॅन्कोमायसिनला रेझिस्टंट स्टॅफ ऑरियस दिसला तर ओळख, शुद्धता, पुन्हा तपासणी या क्रमानं जा. खरा निघाला तर संसर्ग-नियंत्रण पथकाला त्याच दिवशी कळवा, रिपोर्टच्या छपाईची वाट न बघता.

वर्षाच्या शेवटी सगळे निकाल एकत्र करून अँटिबायोग्राम (कोणत्या जातीवर कोणतं औषध किती टक्के चालतं त्याचा तक्ता) काढताना प्रत्येक रुग्णाचा त्या जातीचा पहिलाच जिवाणू धरा, आणि ३० पेक्षा कमी जिवाणू असलेल्या जातीची टक्केवारी छापू नका. एकाच रुग्णाचे बारा नमुने मोजले तर त्याचा रेझिस्टंट जिवाणू सगळ्या रुग्णालयाचा वाटायला लागतो.

प्लेट्स १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच टाकायच्या, पण त्याआधी महत्त्वाचे जिवाणू ग्लिसरॉलच्या ब्रॉथमध्ये उणे ७० किंवा त्याखाली ठेवा. कुपीवर नमुना क्रमांक, जिवाणूचं नाव आणि तारीख लेबलावर पेन्सिलीनं लिहा. मार्करच्या शाईला स्पिरिटचा हात लागला की ती उडते, आणि मग फ्रीजरमध्ये हवा तो एनडीएमवाला क्लेब्सिएला कोणत्या कुपीत आहे हे कोणालाच सांगता येत नाही.